लिस्बन पायी: एक दिवस, एक प्रश्न आणि भरपूर चढ

लिस्बनचे फुटपाथ माणसं घसरावीत म्हणूनच केलेले असावेत, असं माझं पहिल्याच दिवशी ठाम मत झालं. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बसाल्टचे, मुठीत मावतील एवढे तुकडे हातोडीने ठोकून एकमेकांशेजारी बसवलेले. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते घासून ताटलीसारखे गुळगुळीत झालेले, त्यात उतार, त्यात भुरभुर पाऊस आणि माझ्या पायात सपाट तळव्याचे नवेकोरे बूट. कार्मूच्या उतारावर मी असा काही बसलो की समोरच्या खिडकीतल्या आजीबाईंनी आधी हात जोडले आणि मग हसल्या. तेव्हा पहिली सूचना पायांसाठी: रबरी, खाचा असलेल्या तळव्याचे, आधीपासून वापरातले बूट घाला. बाकीचं सगळं नंतर.

दुसरी सूचना डोक्यासाठी. गाईड न घेता जुनं शहर बघायला निघालं की माणूस फोनमध्ये बघून एकेका इमारतीसमोर उभा राहतो, दोन ओळी वाचतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. संध्याकाळी विचारलं तर काहीच सांगता येत नाही. त्यापेक्षा एकच प्रश्न खिशात घेऊन फिरावं. लिस्बनसाठी तो प्रश्न तयारच आहे: समोर दिसतंय ते १७५५ च्या आधीचं की नंतरचं?

१ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सगळे संतांच्या सणाच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेले असताना, साडेनऊनंतर भूकंप झाला. वेदीवरच्या मेणबत्त्या आडव्या झाल्या आणि आगी लागल्या. जे लोक जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले, त्यांच्यावर समुद्राच्या लाटा आल्या. आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. आजच्या लिस्बनची सगळी रचना त्या एका दिवसाभोवती फिरते, आणि पायी चालताना ही सीमारेषा नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते.

निघण्याआधी

सोमवार टाळा. फादू या इथल्या गाण्याच्या प्रकाराचं संग्रहालय धरून बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. जून महिना गर्दीचा, पण गमतीचा. त्याचं कारण पुढे येईल. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी उन्हाचा त्रास होतो, हिवाळ्यात पाऊस असतो. मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चालायला सगळ्यात बरे.

मेट्रोच्या कुठल्याही स्टेशनवर मशीनमधून 'नावेगांत' नावाचं कार्ड घ्या. कार्डाचे पन्नास सेंट पडतात. त्यात थोडे पैसे भरून ठेवले की मेट्रो, ट्राम, बस आणि नदीपलीकडे जाणारी बोट, सगळ्याला तेच चालतं. एका कार्डावर एकच माणूस, त्यामुळे चौघे असाल तर चार कार्डं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांत फोन तुम्हाला शेजारच्या गल्लीत उभं असल्याचं सांगतो. पाण्याची बाटली घ्या, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

पिवळ्या अठ्ठावीस नंबरच्या ट्रामबद्दल एकदाच सांगतो. ती सुंदर आहे, गर्दीने फुटते आणि पाकीटमारांची लाडकी आहे. बसायचंच असेल तर सकाळी लवकर, कांपु द ओरीक या दुसऱ्या टोकाकडून बसा. पण आजच्या दिवसात तिची गरज नाही.

खालचा रस्ता आठाच्या आकड्यासारखा आहे: नदीपासून निघून पश्चिमेची टेकडी, खाली उतरून पूर्वेची टेकडी आणि पुन्हा नदी. एकूण अंतर पाच-सहा किलोमीटर, पण थांबत थांबत पूर्ण दिवस जातो. साडेआठला निघा.

नदी आणि सरळ रेषांचं गाव

सुरुवात तेरेइरू दु पासू या चौकातून. पाट्यांवर नाव 'प्रासा दु कोमेर्सिउ' म्हणजे व्यापाराचा चौक असं असतं, पण लोक अजून जुनंच नाव घेतात. त्याचा अर्थ राजवाड्याचं आवार. राजवाडा कुठे आहे? नाहीच. १७५५ साली तो गेला, आणि त्याबरोबर भारताशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी 'कासा दा इंदिया' हीसुद्धा गेली. मुंबई आंदण देण्याचा १६६१ चा विवाहकरार ज्या राजघराण्याने केला, त्याचा हा वाडा. मधोमध घोड्यावर बसलेला राजा आहे दों जोझे पहिला, पुतळा १७७५ चा. चौथऱ्याला वळसा घालून बघा, एका बाजूला हत्ती सापडेल. तो कुठून आला असेल हे आपल्याला सांगायला नको.

आता नदीकडे पाठ करा आणि कमानीतून आत शिरा. हा भाग म्हणजे बाइशा, सखल लिस्बन. भूकंपानंतर पंतप्रधान पोंबालने इथला ढिगारा सपाट करून आखीवरेखीव रस्ते काढले. सगळ्या इमारती एकाच उंचीच्या आणि एकाच वळणाच्या. भिंतींच्या आत लाकडी पट्ट्यांचा पिंजरा असतो, म्हणजे जमीन हलली तरी घर लवचीकपणे डोलेल. या पिंजऱ्याची चाचणी घेण्यासाठी नमुन्याच्या घराभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं होतं असं सांगतात. दोन घरांमधली भिंत छपराच्याही वर काढलेली दिसते. ती आग पलीकडे जाऊ नये म्हणून.

रुआ म्हणजे रस्ता. इथल्या रस्त्यांची नावं वाचत चला: सोन्याचा, चांदीचा, कापडवाल्यांचा, चांभारांचा, खोगीरवाल्यांचा. पुण्यातली तांबट आळी किंवा बोहरी आळी आठवते, फरक एवढाच की आपल्याकडे आळी आपोआप जमली आणि इथे सरकारने आखून दिली. रुआ दुश कुर्रेइरुशवर एका बँकेच्या खाली रोमन काळातल्या मासळी खारवण्याच्या टाक्या सापडल्या आहेत. त्या फुकट दाखवतात, पण सोबत माणूस देऊन, ठरलेल्या वेळी. सकाळी जाता जाता विचारून दुपारची वेळ घेऊन ठेवावी.

बाइशातच एक खेळ सुरू करा. दुकानांच्या पाट्या आणि भाजीवाल्याकडच्या किमतींच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचा. चप्पल शिवणाऱ्याच्या दारावर 'शावेश' लिहिलेलं असेल. तो चाव्या बनवून देतो. भाजीत 'बटाटा' आहेच, कोबीचा 'कोव' आहे, फळांत 'अनानाश' आणि 'पपाया'. 'पांव' म्हणजे पाव, 'फिता' म्हणजे फीत, 'लेइलांव' म्हणजे लिलाव, 'पगार' म्हणजे पैसे देणे. घमेलं, परात, पिंप, तुरुंग हे शब्दही याच वाटेने आपल्याकडे आले. आपण रोज वापरतो ते शब्द इथे परक्या माणसाच्या तोंडी ऐकताना जरा दचकायला होतं. शाळेत शिकलेल्या इतिहासाने मला कधी असं दचकवलं नव्हतं.

रोसिउ, आणि एक जळकं चर्च

बाइशा संपते तिथे रोसिउ चौक. इथे खाली बघा. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत, १८४० च्या दशकाच्या शेवटी घातलेल्या. हीच नक्षी पुढे ब्राझीलला गेली आणि कोपाकबानाच्या किनाऱ्यावर जगभर प्रसिद्ध झाली. चौकाच्या उत्तरेला खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह दिसतं, त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या इन्क्विझिशनला वरून हुकूम याच शहरातून सुटत.

नाट्यगृहाच्या उजव्या अंगाला दोन मिनिटांवर साओ दुमिंगुश. मार्गदर्शिका याला एखादी ओळ देतात. मी म्हणेन अर्धा तास द्या. बाहेरून साधं चर्च. आत गेलात की खांब फुटलेले, दगड तडकलेला, भिंती होरपळून लालसर झालेल्या. १७५५ च्या भूकंपातून सावरलेलं हे चर्च १९५९ मध्ये आगीत सापडलं. दुरुस्ती करताना छप्पर नवं घातलं, पण जळलेले दगड तसेच ठेवले. मोडलेलं झाकायचं की दिसू द्यायचं, हा प्रश्न आपल्याकडच्या किल्ल्यांच्या डागडुजीतही नेहमी येतो. इथे एक उत्तर डोळ्यांसमोर उभं आहे. बाहेरच्या चौकात ताऱ्याच्या खुणेचं एक छोटं स्मारक आहे, १५०६ साली इथे झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं. त्याच चौकात गिनी-बिसाऊकडची माणसं गप्पा मारत उभी असतात. कोपऱ्यावर १८४० पासूनचं एक खिंडारवजा दुकान आहे, तिथे आंबट चेरीची दारू इवल्याशा पेल्यात मिळते. फळासकट हवी की फळाशिवाय, एवढंच विचारतात.

कार्मूचा चढ

रोसिउ स्टेशनच्या बाजूने कालसादा दु कार्मू हा पायऱ्यांचा रस्ता वर जातो. (माझी पडण्याची जागा हीच.) वर कार्मूचा मठ. भूकंपात चर्चचं छप्पर कोसळलं आणि ते पुन्हा घातलंच नाही. कमानी आकाशात उघड्या पडल्या आहेत. तिकीट काढून आत जाण्यासारखी ही जागा आहे. रविवारी मात्र बंद.

समोरच्या झाडांच्या चौकात जरा बसा. २५ एप्रिल १९७४ ला, बंडखोर सैनिकांनी वेढलेल्या इथल्या बराकीत हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलू काएतानू शरण आला. लोकांनी बंदुकांच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं खोवली. या दिवसाचा धागा थेट पणजीपर्यंत जातो: गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. ही राजवट पडल्यावर नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

मठाच्या बाजूने मागच्या गच्चीवर जा. सांता जुस्ता या १९०२ च्या लोखंडी लिफ्टचं वरचं टोक इथेच आहे. लिफ्टच्या रांगेत उभं राहण्याऐवजी गच्चीवरून समोरची टेकडी फुकट बघा. खाली बाइशाच्या सरळ रेषा, पलीकडे किल्ल्याखाली एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरं. प्रश्नाचं उत्तर इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

साओ रॉक आणि शियादू

मठामागून त्रिंदादच्या बाजूला निघालं की छोट्या चौकात १८६४ ची एक इमारत लागते, तिच्या अख्ख्या दर्शनी भिंतीवर पिवळ्या-केशरी टाइल्समध्ये मानवी आकृत्या रंगवल्या आहेत. टाइलला इथे 'अझुलेझू' म्हणतात, शब्द अरबी. भूकंपाआधी त्या बहुतेक चर्चच्या आणि वाड्यांच्या आतल्या भिंतींवर असत. घराच्या बाहेरच्या भिंतीवर त्या सर्रास आल्या एकोणिसाव्या शतकात. टाइल बाहेर दिसली की 'नंतरचं' म्हणा, सहसा चुकणार नाही.

साओ रॉक हे जेझुइटांचं चर्च बाहेरून अगदी पोस्ट ऑफिससारखं आहे. लोक न बघताच पुढे जातात. आत डाव्या हाताला एक छोटं देवघर आहे, ते रोममध्ये बांधलं, मग सुटे भाग करून १७४७ साली जहाजातून इथे आणलं. निळ्या लाजवर्द दगडाचे खांब आणि सोनं. पण मी तिथे गेलो होतो ते पवित्र वस्त्रं ठेवण्याच्या खोलीतली चित्रं बघायला. सतराव्या शतकात आंद्रे रैनोझूने फ्रान्सिस झेवियरचं आयुष्य ओळीने चितारलं आहे. ज्या माणसाचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे, त्याची गोष्ट इथे, तो जिथून निघाला त्या बाजूने सांगितलेली आहे. चित्रातली भारतीय माणसं चितारणाऱ्याने पाहिली होती का, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

तिथून उतरत कामोंइशच्या चौकात या. हा एका डोळ्याचा कवी १५५३ साली गोव्याला गेला. त्याचं महाकाव्य १५७२ ला छापलं. पुढे रुआ गार्रेत. उजव्या बाजूला बेर्त्रांद हे पुस्तकांचं दुकान आहे, १७३२ सालापासून चालू असलेलं. त्याच रस्त्यावरच्या १९०५ च्या कॅफेबाहेर पेसोआ या कवीचा ब्राँझचा पुतळा बसलेला आहे, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून फोटो काढायला रांग असते. रांग सोडा. आत काउंटरवर उभ्याने 'बीका' मागा. ही बारक्या कपातली कडक कॉफी. बाहेरच्या टेबलावर तीच महाग पडते, हा नियम जवळपास सगळीकडे.

जेवण

शियादूतून खाली उतरताना आडगल्लीतली साधी खानावळ शोधा, तिला 'ताश्का' म्हणतात. दारात कागदावर हाताने लिहिलेला 'प्रातु दु दीआ' म्हणजे आजचा बेत असला आणि आत कचेरीतली माणसं जेवत असली की जागा बरोबर. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येईल. ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता परत द्या, कोणी वाईट वाटून घेत नाही. खारवलेला कॉड मासा बारा महिने. सार्डिन उन्हाळ्यात खावा.

शाकाहारी माणसाने हिरव्या कोबीच्या 'काल्दू वेर्द' सुपापासून सावध राहावं, त्यात सॉसेजची चकती घालतात. 'सेंय शोरीसू' म्हणजे सॉसेजशिवाय, एवढं पाठ करा. अगदीच अडलं तर कुठल्याही बेकरीत 'शामुसा' मागा. होय, समोसाच, गोव्यावरून आणि आफ्रिकेतून फिरत आलेला. पण आत काय आहे ते विचारा, बहुधा खिमा असतो. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादू' आणि बाईने 'ओब्रिगादा' म्हणायचं.

पूर्वेची टेकडी, फुकटात

जेवून चढायचं नाही. रुआ दुश फांकेइरुशवर १७० नंबरच्या आसपास एक साधं दार आहे, वर लिफ्टची खूण. आत सार्वजनिक लिफ्ट, तिकीट नाही. वरच्या रस्त्यावर बाहेर पडा, समोरचा छोटा चौक ओलांडा आणि पार्किंगच्या इमारतीतल्या दुसऱ्या लिफ्टने अजून वर जा. एका सुपरमार्केटला लागूनच ती आहे. किल्ल्याच्या जवळ पोचाल.

किल्ल्यात जायचं का? माझं मत: वेळ आणि पैसे दोन्ही मोजके असतील तर नको. आज दिसणारी तटबंदी बरीचशी १९३८ ते १९४० च्या सुमारास नव्याने उभी केलेली आहे. मोर मात्र छान आहेत. त्याऐवजी उतरून सांता लुझियाच्या सज्जावर या. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर दोन मोठी टाइलचित्रं आहेत: एकात ११४७ साली मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, किल्ला घेतला तो प्रसंग, दुसऱ्यात सकाळी पाहिलेला चौक, पण भूकंपाआधीचा, राजवाड्यासकट. सकाळी जे नव्हतं ते आता दिसतं. म्हणून हा रस्ता मी या क्रमाने सांगतोय.

दोन पावलांवर पोर्ताश दु सोल. तिथून ट्रामच्या रुळांच्या कडेने थोडं पुढे रुआ द साओ तोमेवर फादूगायिका आमालिया रोद्रिगिशचा चेहरा आहे, फुटपाथच्याच दगडांचा, जमिनीवरून भिंतीवर चढत गेलेला. पाऊस पडला की गालावरून पाणी ओघळतं.

आल्फामा: नकाशा खिशात घाला

पोर्ताश दु सोलच्या पायऱ्यांनी खाली उतरा आणि आता रस्ता शोधू नका. आल्फामा या नावात अरबी 'हम्मा' आहे, उष्ण पाण्याचे झरे. टेकडीच्या खडकावर असल्याने हा भाग १७५५ मध्ये बराचसा वाचला, म्हणून बाइशातली सरळ रेष इथे कुठेच सापडत नाही. 'बेकू' लिहिलेलं असेल ती बोळ. पुढे बंद असण्याची शक्यता निम्मी. चुकलात तर उताराच्या दिशेने चाला, नदी येतेच. वाटेत 'रुआ दा जुदियारिया' ही पाटी दिसली तर थांबा, तो जुना ज्यू मोहल्ला.

दोरीवर कपडे, खिडकीत पिंजरा, दारात खुर्ची टाकून बसलेल्या बायका. आवाज खालचा ठेवा, उघड्या खिडकीत कॅमेरा घालू नका. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या खोल्यांमुळे इथली मूळची बरीच कुटुंबं बाहेर गेली आहेत. जी उरली आहेत, त्यांच्या घरात तुम्ही जवळजवळ उभेच असता.

१२ जूनच्या रात्री हेच बोळ सार्डिनच्या धुराने भरून जातात. तेव्हा सांत आंतोनिउचा सण असतो. तो लिस्बनचाच मुलगा, गोवेकरांचा सांत आंतोन. कुंडीत छोट्या पानांचा 'मांजेरीकू' लावून, त्यात कागदी फूल आणि चार ओळींचं कवन खोवून आवडत्या माणसाला देतात. हे झाड तुळशीच्या कुळातलं. त्याला नाक लावायचं नाही, हात फिरवून मग हाताचा वास घ्यायचा. हे मला एका फुलवालीने शिकवलं, माझं नाक कुंडीपर्यंत पोचायच्या आत माझा हात धरून.

उताराच्या पायथ्याशी फादूचं संग्रहालय. २०११ पासून हे गाणं युनेस्कोच्या यादीत आहे. रात्री ऐकायचं असेल तर इथे आधी तासभर घालवा, बारा तारांची गिटार ओळखीची होते. फादूच्या घरात किमान खर्चाची अट असते, ती बसण्याआधी विचारा. दिवे मंद झाले की बोलणं बंद, चमचाही वाजवायचा नाही. बैठकीच्या गाण्याची सवय असलेल्याला हे सांगावं लागत नाही.

अल्बुकर्कचं घर, आणि बोट

नदीकाठाने परत चौकाकडे चालताना उजवीकडे एक इमारत, दगड हिऱ्यासारखे टोकदार. कासा दुश बिकुश. गोवा जिंकणाऱ्या अफोन्सू द अल्बुकर्कच्या मुलाने, ब्राझने, १५२३ साली बांधलेलं घर. आपला हापूस ज्याच्या नावाने ओळखला जातो त्याच्या मुलाचं. भूकंपात वरचे दोन मजले पडले, १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. खालचे आणि वरचे दगड सारखे वाटतात, पण खिडक्या बघितल्या की फरक कळतो. आता तिथे नोबेलविजेते जोझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे. समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा पुरली आहे.

पाय उरले असतील तर चौक ओलांडून नदीकाठाने पश्चिमेला पंधरा मिनिटं चाला. या काठाचं नाव रिबेइरा दाश नाउश, जहाजं बांधण्याची जागा. भारताकडे जाणारी गलबतं इथे बांधली जात. १५७९ च्या एप्रिलमध्ये याच नदीतून निघालेल्या जहाजावर थॉमस स्टीफन्स होता. ऑक्टोबरात तो गोव्याला पोचला आणि पुढे त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं.

काठ संपतो तिथे काइश दु सोद्रेचा धक्का. कासील्याशला जाणारी बोट पकडा, सकाळचंच कार्ड चालतं. दहा मिनिटांचा प्रवास. जाताना मागच्या बाजूला उभे राहा: डावीकडे मठाच्या उघड्या कमानी, मधे सपाट बाइशा, उजवीकडे आल्फामाचा गुंता. पलीकडे उतरून काठावर चहा घ्या. 'शा' म्हटलं की समजतं. फक्त परतीच्या बोटीची वेळ धक्क्यावरच बघून ठेवा, आणि बेलेंच्या मठासाठी उद्याचा अर्धा दिवस राखून ठेवा. तो याच दिवसात कोंबू नका.